दोन दयाळ, एक कान

बुधवार

दयाळ पक्षी ओळखायला हल्ली कान लागत नाही, मोबाइल पुरतो. ॲप उघडायचं, फोन खिडकीबाहेर धरायचा, नाव हजर. पण दोन दयाळ आळीपाळीने गात असतील तर त्यातला कुठला कोण, हे ॲप सांगत नाही. त्याच्या लेखी दोघेही दयाळच. मला तेवढ्यावर समाधान नाही, म्हणून हा पहाटेचा उद्योग.

एक पाण्याच्या टाकीवर बसतो, दुसरा विजेच्या तारेवर. टाकीवरचा शेवटच्या सुराआधी जरासा अडतो आणि मग एक लांब, घसरता सूर सोडतो. तारेवरचा कुठेच थांबत नाही, त्याची ओळ खरखरत संपते. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर टाकून ध्वनीचा आलेख काढला की हे डोळ्यांनाही दिसतं. घसरता सूर म्हणजे वरून खाली उतरणारी स्वच्छ तिरकी रेघ. त्याच्या आधी अरुंद कोरी जागा, तीच ती अडखळ. खरखर म्हणजे खेटून उभ्या असलेल्या बारीक रेघा. कानाला जे "काहीतरी वेगळं" वाटतं, ते नेमकं काय आहे याचं उत्तर आलेखात मिळतं. आता मी ऐकताना मधल्या भागाकडे फारसं लक्षच देत नाही, शेवट पकडतो.

गुरुवार

ढग होते, दोघंही उशिरा सुरू झाले. तोवर वाचत बसलो.

मार्गारेट मोर्स नाइस या बाईंचं काम मला फार आवडतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत, ओहायोमध्ये, त्यांनी साँग स्पॅरो नावाच्या चिमण्यांच्या पायांत रंगीत कडी घातली आणि एकेका नराचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कडीमुळे कोण गातोय हे आधी पक्कं कळायचं, मग गाणं टिपायचं. क्रम हाच बरोबर. नुसत्या आवाजावर विसंबलं तर आपणच नाव ठेवायचं आणि आपणच ते खरं मानायचं, असा प्रकार होतो.

त्यात साँग स्पॅरोच्या एका नराकडे साधारण आठ-दहा वेगवेगळी गाणी असतात. वर शेजारी एकमेकांची गाणी उचलतात. म्हणजे एक गाणं ऐकून नर ओळखला असं म्हणताच येत नाही, त्याचा सगळा साठा माहीत हवा. पांढऱ्या गळ्याच्या स्पॅरोचं बरं आहे, एका नराचं बहुधा एकच गाणं. आणि वयाचं काय? केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या लहानशा गाणाऱ्या पक्ष्यावर प्रयोग केले, तेव्हा दिसलं की पिल्लू पहिल्या वर्षात ऐकून शिकतं आणि नंतर त्याचं गाणं पक्कं होतं. असा पक्षी पुढच्या वर्षीही ओळखता येईल. कॅनरीचा नर मात्र दर हंगामात गाण्यात नवे तुकडे घालतो. त्याची गेल्या वर्षीची नोंद यंदा कितपत उपयोगी पडणार?

शनिवार

पक्ष्यांना स्वतःला हे किती सहज जमतं, हा भाग तर अफाटच. ब्रूस फॉल्स हे पक्षी-अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या गळ्याच्या स्पॅरोला ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली. शेजाऱ्याचं गाणं नेहमीच्या हद्दीवरून आलं तर नर फारसा चिडत नाही, परक्याचं आलं तर अंगावर येतो. गंमत अशी, की तोच शेजारी भलत्या बाजूने "गायला" तर त्यालाही परक्यासारखीच वागणूक मिळते. कोण गातोय आणि कुठून गातोय, दोन्ही मिळून ओळख. हूडेड वार्बलर हा पक्षी तर हिवाळ्यासाठी दूर स्थलांतर करतो, आणि परत आल्यावर मागच्या वर्षीचे शेजारी त्याला ओळखू येतात. १९९१ साली हे प्रयोगाने दाखवलं गेलं. मधले कित्येक महिने ते गाणं कानावर नाही, तरीही.

हे वाचल्यावर माझ्या ओळखण्यात टाकीचा वाटा किती आणि कानाचा किती, ते तपासावंसं वाटलं. रेकॉर्डिंगांची नावं झाकली, क्रम उलटापालटा केला आणि डोळे मिटून ऐकलं. टाकीवरचा बहुतेक वेळा सापडला. तारेवरचा मात्र खरखरीवर आला तरच. इतर ओळी म्हणत असला की मी नुसता अंदाज मारत होतो.

सोमवार

आज तारेवरून घसरता सूर आला. आधी वाटलं जागा बदलली. पण टाकीवरचा टाकीवरच होता, शेपूट ताठ करून ऐकत. म्हणजे सूर दोघांकडेही आहे. शेजाऱ्याकडून उचलला की आधीपासूनच होता, ते कसं सांगणार?

दोघांच्या रेघा एकाखाली एक लावून पाहिल्या. उतार जवळपास सारखाच. तारेवरच्याच्या आलेखात मात्र सुराआधीची कोरी जागा नाही, तो न अडता थेट उतरतो. तेव्हा वहीत टाकीवरच्याची खूण "घसरता सूर" अशी होती ती खोडली आणि "सुराआधीची थांबण" असं लिहिलं. आता जुन्या सगळ्या फायलींत ती थांबण मोजत बसायचं आहे.