बडोद्याहून खिजडिया-नरारा: आधी भरतीची वेळ बघा, मग रजा टाका

वढवाणा आणि टिंबीच्या तलावांवर पक्षी बघत फिरणाऱ्या बडोदेकरांना उजाडायच्या आत पोहोचायची सवय असते. जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्यात ती उपयोगी पडते. नराराच्या किनाऱ्यावर मात्र वेळ समुद्र ठरवतो, म्हणून तारीख काढताना जवळच्या वाडीनार बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक आधी उघडा. ओख्याचं चालणार नाही. ओखा कच्छच्या आखाताच्या तोंडाशी आहे; भरती तिथे आधी येते, आत उशिरा.

जामनगर रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. अहमदाबादेत न शिरता वासद, तारापूर, बगोदरा करत राजकोट गाठावं. ओख्याकडे जाणाऱ्या गाड्याही बडोद्याला थांबतात, पण पुढे दोन्ही ठिकाणांसाठी स्वतंत्र वाहन ठरवावंच लागतं. मुक्काम जामनगरला.

खिजडिया शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर. शेतजमिनीत खारं पाणी शिरू नये म्हणून संस्थानकाळात इथे बांध घातले. त्यामुळे नद्यांचं गोडं पाणी एका अंगाला अडलं आणि खाडी दुसऱ्या अंगाला राहिली. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत हे अभयारण्य गेल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. डिसेंबरच्या या फेरीत गोड्या बाजूला बदकं, चमचे (स्पूनबिल) आणि ग्रेट क्रेस्टेड ग्रीब, तर खाऱ्या बाजूला रोहित (फ्लेमिंगो) दिसले. काळ्या मानेच्या करकोच्याची जोडी गवतात उभी होती. सूर्य पाठीशी राहील असाच बांध धरा. क्रौंचांचे थवे मुक्कामाला उतरताना बघायचे तर संध्याकाळी पुन्हा यावं.

नरारा द्वारकेच्या रस्त्यावर, जामनगरपासून साधारण ६० किलोमीटर. हा सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी, मूळ ओळखपत्र आणि स्थानिक वाटाड्या यांची सोय आधीच करा. इथली खरी ओढ क्रॅब प्लोव्हरची. पांढरा-काळा, लांब निळसर-करड्या पायांचा आणि जाड, काळ्या, खंजिरासारख्या चोचीचा हा पक्षी. चार पावलं धावतो, थबकतो, चोच मारतो, खेकडा झटकून त्याचे पाय तोडतो आणि मग गिळतो. जवळच करड्या अंगाचं पिल्लू अन्न मागत असेल तर नीट बघा: हिवाळी मुक्कामातही आई-बाप पिल्लांना भरवतात, आणि किनारी पक्ष्यांत हे फार कमी दिसतं.

पूर्ण ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पक्षी ठिपक्याएवढे होतात. तेव्हा खडकांतले खेकडे, प्रवाळ, ऑक्टोपस बघून घ्यावेत. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकतात. कर्ल्यू, बार-टेल्ड गॉडविट, ऑयस्टरकॅचर, टेरेक सँडपायपर शांतपणे बघायचे ते याच वेळी, पण काठावर उभं राहून. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं आणि माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मी भरती येते. मागच्या बाजूच्या ओहळांत पाणी आधी भरतं आणि परतीची वाट तुटते. म्हणून ओहोटीच्या दीड-दोन तास आधी आत शिरा आणि पाणी वळलं की लगेच मागे फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चार मीटरहून जास्त फरक पडतो, चालायला भरपूर मोकळं मिळतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, खडक फारसे उघडेच पडत नाहीत.

पायात घट्ट नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट हवेत. चप्पल चिखलात राहते, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, उचललेला दगड होता तसाच ठेवा. ८×४२ ची दुर्बीण चालते, पण दूरच्या वाळूपट्ट्यांसाठी स्पॉटिंग स्कोप हवाच. उन्हं चढली की हवा थरथरते, मग ६० पट मोठं करण्यापेक्षा २५-३० पटच स्वच्छ दिसतं. भिंगावर खारे तुषार बसले तर कोरडं फडकं घासू नका, ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्यानं मीठ विरघळवा.

दोन दिवस असतील तर ओहोटी सकाळी उशिरा येईल असा आठवडा निवडा, म्हणजे पहाट खिजडियाला देऊनही नरारा गाठता येतं. दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, वाटाड्याला वेळ सांगताना तेवढी पुढची सांगा.