गरोदरपणात थायरॉइडची गोळी: माझा अनुभव

माझी थायरॉइड ग्रंथी हार्मोन कमी बनवते, म्हणून मला थायरॉइडची गोळी आधीपासूनच चालू होती. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, की आता ही गोळी बंद करायची ना? डॉक्टरांनी उलट त्याच दिवशी डोस वाढवला आणि रक्त तपासायला पाठवलं.

कारण ऐकलं आणि माझी गोळीची भीती गेली. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण 12व्या आठवड्याच्या सुमारास हार्मोन बनवायला लागते, पण पुरेसं काम करायला 18 ते 20 आठवडे लागतात. तोवर मेंदूच्या वाढीसाठी लागणारं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आईच्या रक्तातूनच, वारेमधून बाळाला मिळतं. एरवी आईची ग्रंथी या काळात जास्त काम करून ही गरज भागवते. माझ्या ग्रंथीला ते जमणार नव्हतं, ते गोळीनं करायचं होतं. म्हणून मला कळकळीनं वाटतं, की आधीच थायरॉइड असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्याबरोबर डॉक्टरांना फोन करावा, पहिल्या सोनोग्राफीपर्यंत थांबू नये.

पुढे निम्मं गरोदरपण होईपर्यंत दर 4 आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी; हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो. आकडा 2.5 च्या खाली हवा होता. मध्येच एकदा तो वर गेला आणि मी फार घाबरले. उपचारच न घेतलेल्या थायरॉइडमुळे गर्भपात, वेळेआधी प्रसूती, बाळाचं वजन कमी भरणं असे धोके वाढतात, हे वाचलेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "अहो, वेळेत कळावं म्हणूनच तर एवढ्या तपासण्या करतोय." डोस थोडा वाढला, पुढचा रिपोर्ट ठीक आला.

खरी कसरत वेळांची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, त्यामुळे मध्ये 4 तासांचं अंतर ठेवायचं. त्यात सकाळी उठल्याउठल्या उलट्या! शेवटी डॉक्टरांना विचारून ती गोळी रात्री घेऊ लागले, जेवणानंतर 3 तासांनी, नुसत्या पाण्याबरोबर.

प्रसूतीनंतर डोस पूर्वीइतका केला. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्याचाही थायरॉइड तपासला, तो नॉर्मल निघाला. जन्मतः असलेली कमतरता बाळाकडे बघून सहसा ओळखता येत नाही, आणि उपचाराला उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी, कोणी सुचवली नाही तर आपण मागून घ्यावी. माझी पुढची टीएसएच 6 आठवड्यांनी झाली. गोळी चालू ठेवूनच मी बाळाला अंगावर पाजत होते.