दोन फॉर्म, आजी एक

बीएच्या दुसऱ्या वर्षाला मी संशोधन पद्धतीचा पेपर शिकवतो. पोरांना तो रुक्ष वाटतो, आणि नुसता फळ्यावर शिकवला तर तो रुक्षच आहे. प्रश्नावली आणि अनुसूचीतला फरक सांगा, नमुना निवडीचे प्रकार लिहा, असले प्रश्न गाईड वाचून सुटतात. म्हणून दिवाळीनंतर पोरांना घेऊन एखादं गाव गाठायचं, असा आमच्या विभागाचा रिवाज आहे. या खेपेला माण तालुक्यातलं एक गाव घेतलं. विषय साधाच होता: गावात एकत्र कुटुंबं किती, विभक्त किती, आणि बाहेरगावी कोण कमावतं. माणदेशात हा शेवटचा प्रश्न टाळताच येत नाही. पाऊस बेताचा, त्यामुळे इथली माणसं कित्येक पिढ्या मुंबईची वाट धरत आली. १९६९ साली माथाडी कायदा आला, त्याच्याही आधीपासून सातारा जिल्ह्यातली माणसं तिथे पाठीवर पोती वाहत होती.

घरांची यादी ग्रामपंचायतीतून घेतली. घरपट्टीचं रजिस्टर, म्हणजे नमुना आठ. एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यातून चार निघाला. मग चार, चौदा, चोवीस असं दर दहावं घर धरलं. पुस्तकात याला पद्धतशीर नमुना निवड म्हणतात आणि ती तीन ओळींत संपते. दोघादोघांच्या जोड्या करून घरं वाटून दिली आणि सांगितलं, विचारायचं तुम्ही, लिहायचंही तुम्हीच. आणि छापील प्रश्नांपलीकडे काही दिसलं तर समासात टिपून ठेवा. हे शेवटचं मी दर वर्षी सांगतो. दर वर्षी बहुतेक समास कोरेच परत येतात.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमलो. एकाने फॉर्म वाचायचा, दुसऱ्याने तक्त्यात खुणा करायच्या. एक मुलगा वाचत होता, "एकत्र कुटुंब. माणसं दहा. प्रमुख पुरुष, वय ५३, शेती. बायको, दोन मुलं, थोरली सून. धाकटा भाऊ, त्याची बायको, दोन पोरं. आई, वय ८०. भाऊ मुंबईला माथाडी."

समोर बसलेल्या मुलीने आपल्या गठ्ठ्यातला एक फॉर्म वर काढला. विभक्त कुटुंब, माणसं पाच. उत्तर देणारी बाई, वय ३४. नवरा मुंबईला माथाडी. दोन मुलं. सासू, वय ७२. आणि समासात पेन्सिलने लिहिलेलं: "बोलणं चालू असताना मधल्या दारातून मुलगा वाटीत कोरड्यास घेऊन आला. पलीकडच्या काकींनी दिलं म्हणाला."

"अरे, तुमचं घर मारुतीच्या देवळासमोरचं का?" तिने विचारलं.

"हो. मोठा ओटा आहे."

"आणि मागं चिंच?"

"मागं आम्ही गेलोच नाही."

दोन्ही जोड्या एकाच घरात जाऊन आल्या होत्या, एक पुढच्या दाराने आणि एक मागच्या. घराची पुढची बाजू जुनी, तिचा नंबर रजिस्टरच्या सुरुवातीला. मागच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या, धाकट्याच्या नावावर, त्यांना नंबर पडला तो यादीच्या पार शेवटी. आम्हाला माणसं मोजायची होती आणि यादी होती भिंतींची. हाडामांसाची दहा माणसं आमच्या तक्त्यात पंधरा झाली होती, आणि एकच घर एकत्र रकान्यातही होतं आणि विभक्त रकान्यातही.

"एक फाडून टाकू सर," कुणीतरी म्हणालं. कुठला फाडायचा, यावर मात्र व्हरांड्यात दोन तट पडले. मुलींचं म्हणणं, गॅसच्या शेगड्या दोन, स्वयंपाक दोन, म्हणजे घरं दोन. यात चूक काही नव्हती. जे साधारणतः एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक घर, अशीच जनगणनेचीही व्याख्या आहे. कामामुळे कुणाला बाहेर राहावं लागलं तर तेवढी सूट. पोरांनी इरावती कर्वे काढल्या. परीक्षेला पाठ केलेल्या होत्याच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून बाईंनी देशभरच्या नात्यागोत्यांचा अभ्यास केला आणि १९५३ च्या पुस्तकात एकत्र कुटुंबाची खूण सांगितली: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि आपसांत रक्ताचं किंवा लग्नाचं नातं. "पाचातल्या चार बसल्या तर पास का नापास?" एकाने विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला, पण त्या चार तरी बसतात का, हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. दोन्ही जोड्यांना घेऊन मी त्या घरी गेलो.

आजी मधल्या दारापाशी ज्वारी निवडत बसली होती. तिला आधी वय विचारलं. तिला ते सांगता येईना. मग आम्ही नेहमी करतो तेच केलं, गावाच्या आठवणीतली साल धरली. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होता?

"खडी फोडाय जायची की. ह्यो थोरला अंगावर पीत हुता."

थोरला पहिलाच. लग्न लहानपणी झालेलं. म्हणजे सुनेने सांगितलेले बहात्तर खऱ्याच्या जवळ, आणि लेकाने सांगितलेले ऐंशी हा आईला दिलेला मान. एकच माणूस, एकच प्रश्न आणि उत्तरात आठ वर्षांचा फरक: विश्वसनीयता म्हणजे काय ते मी याहून बरं समजावू शकलो नसतो.

"तुम्ही जेवता कुणाकडं?"

"म्हैनाभर हिकडं, म्हैनाभर तिकडं. सनासुदीला समद्यांचं एकच."

पुढचं हळूहळू निघत गेलं. सातबारा अजून सामाईक. धाकट्याच्या वाटणीची ज्वारी थोरलाच पेरतो, बी-खताला पैसे मुंबईहून येतात. देव्हारा थोरल्याकडे. चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाचा नैवेद्य जातो, तो एकच. चूल वेगळी केली ती धाकट्याचं लग्न झाल्यावर, भांडण न होता, आणि हे दोघी जावांनी एका सुरात सांगितलं.

मग तिने विभक्त का सांगितलं? धाकटी जाऊ हसली. "सर, रेशनकार्ड वेगळं हाय, गॅस वेगळा हाय. या पोरी कागद घिऊन आल्या. मला वाटलं कसली तरी योजना असंल. मी कागदावरचं सांगितलं."

आणि थोरला? ओट्यावर तो उत्तरं देत होता तेव्हा शेजारी भावकीतले दोघं बसलेले होते. ही गोष्ट फॉर्ममध्ये कुठेच नव्हती, मुलाला ती आता आठवली. भावकीसमोर कुठला थोरला भाऊ म्हणेल की धाकटा वेगळा राहतो? बाई सरकारला उत्तर देत होती, हा गडी गावाला देत होता. खोटं दोघंही बोलले नव्हते.

हा तिढा आम्हाला पहिल्यांदाच पडलेला नाही. आय. पी. देसाईंनी गुजरातेत महुव्याच्या कुटुंबांचा अभ्यास केला तेव्हा नुसतं राहणं आणि जेवणं पाहून एकत्रपणा ठरवायला ते तयार नव्हते. मालमत्ता, उत्पन्न आणि एकमेकांची जबाबदारी कोण उचलतं, यावर त्यांचा भर होता. पुढे ए. एम. शहांनी घर आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या धरा असाच आग्रह धरला. हे सगळं मी वर्गात शिकवतो. फॉर्म तपासताना मात्र आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा हे ठरवावंच लागतं, तिथे 'हेही खरं, तेही खरं' चालत नाही. म्हणून मला त्या बातम्यांचं कौतुक वाटत नाही ज्यांत एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणून हळहळ असते. मोडली म्हणजे काय मोडलं? शेगड्या मोजल्यात की सातबारे, एवढं आधी सांगा, मग हळहळू.

परत येऊन आम्ही तक्ता बदलला. घर मोजायचं ते चुलीवरून, म्हणजे आमचे आकडे जनगणनेशेजारी ठेवता येतील. शेजारी तीन नवे रकाने: जमीन कुणाची, देव कुठे, मोठा खर्च कोण उचलतं. उत्तर देताना जवळ कोण बसलं होतं, याला वेगळी ओळ. आजीचं नाव, त्या महिन्यात पाळी जिथे असेल तिथे. राहिलेल्या घरांना पुन्हा हाक मारायला लागली, त्यावर पोरांनी कुरकुर केली. संध्याकाळची एसटी चुकणार हे उघड होतं.

मुंबईच्या नवऱ्याचं मात्र जुळेना. दोन्ही फॉर्ममध्ये त्याचं नाव होतं आणि जेवत तो दोन्हीकडे नव्हता. कामामुळे बाहेर, म्हणून बायकोच्या चुलीवर लिहा, असं मुलगे म्हणाले. वर्षातून यात्रेला आणि गणपतीला येणारा माणूस किती दिवस 'साधारणतः इथे राहतो' धरायचा, असा मुलींचा सवाल. राहतो कुठे, म्हणून एकीने त्या बाईला फोन करून विचारलं. गावकीच्या खोलीत, ती म्हणाली. याच गावचे सहा जण. स्वयंपाक आळीपाळीने, खर्च सारखा वाटून.

घरातली माणसं नात्यातलीच हवीत अशी जनगणनेची अट नाही, हे मीच सकाळी सांगून बसलो होतो. मुलीने एक कोरा फॉर्म ओढला, छप्पर एक आणि चूल एक अशा खुणा केल्या आणि कुटुंबप्रमुखाच्या चौकोनाशी येऊन थांबली. "सर, इथं काय लिहू? त्यांच्यात प्रमुख कोण ते विचारायला रात्री दहानंतर फोन करा म्हणाल्या त्या, तोवर गडी मार्केटातून येत नाहीत."

"मग दहानंतर कर," मी म्हटलं. "आणि देव्हारा आहे का तेही विचार."