तिकडे सुटं मिळत नाही

"अमेरिकेत कसली आलीय गरिबी?" सहा वर्षं टेक्सासमध्ये काढून आम्ही कळव्याला परतलो हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. परवा जांभळी नाक्यावर भाजी घेताना तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

दिरांनी स्पॉन्सर केलं. भावंडांना मिळणाऱ्या ग्रीन कार्डची रांग ती, नंबर लागेपर्यंत आमची पंचेचाळिशी उलटली. मला एका स्टोअरमध्ये काम मिळालं, तासाला ७.२५ डॉलर. तिथल्या केंद्र सरकारचा किमान मजुरीचा दर २००९ पासून तेवढाच, टेक्सासचाही तोच. आठवड्याचे तास मोजून २९, कारण ३० भरले की मोठ्या मालकाला आरोग्यविमा द्यावा लागतो. म्हणजे २१० डॉलर, तेही कापाकापीच्या आधी. फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदत म्हणाल, तर ग्रीन कार्डवाल्या मोठ्या माणसांना पहिली ५ वर्षं ते सहसा मिळत नाहीत.

तशी ओढाताण मला नवी नव्हती. लग्नानंतर इथेच कळव्यात महिनाअखेर पाव किलो तेल आणि पाच रुपयांच्या चहा पावडरीवर निघायची. वाण्याकडे वही होती. तिकडे सगळं अख्खंच घ्यायचं. घराचं भाडं अख्खं, डिपॉझिट अख्खं, गाडीचा विमा अख्खा. कपडे धुवायच्या मशीनलासुद्धा एक नाणं कमी चालत नाही. आणि उधार मागायचं कुणाकडे? काउंटरवरच्या मुलीच्या हातात काहीच नसतं, ती माझ्यासारखीच २९ तासांची.

गाडी होती आमच्याकडे, हो. गावात बसच नव्हती, त्यामुळे गाडी म्हणजे कामावर जायची चप्पल. ती बंद पडली की कामाची पाळी बुडाली. शनिवारी चर्चमध्ये फुकट धान्य मिळायचं, तिथेही गाड्यांचीच रांग. पेट्रोल वाचावं म्हणून आम्ही एसी बंद करून, काचा खाली करून बसायचो. टेक्सासचा ऑगस्ट! डब्यातला राजमा मिळायचा. पहिल्यांदा मिळाला तेव्हा घरात डबा उघडायचं यंत्र नव्हतं.

सुटं मिळायचं ते फक्त पेट्रोल. आत जाऊन पाच डॉलरची नोट ठेवायची आणि म्हणायचं, "चार नंबरला पाचचं." पहिल्यांदा हे म्हणताना माझा आवाजच फुटेना. नंतर सवय झाली.

त्या गाडीला टेकून काढलेला आमचा एक फोटो इथल्या जाऊबाईंना पाठवला होता. त्यांनी इथे सोसायटीत पेढे वाटले.