भावाच्या बायपोलरचं निदान कुठे अडलं होतं (माझा अनुभव, सोलापूर)

भावाचं निदान झालं, औषध लागू पडलं, तो आता कामावर जातोय. पण एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून जो काळ वाया गेला, त्याचा राग अजून जात नाही.

इथल्या एका दवाखान्यात पहिल्याच दिवशी केसपेपरवर ‘डिप्रेशन’ लिहिलं गेलं. तेव्हाच्या लक्षणांवरून ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. बायपोलर म्हणजे कधी खूप खचलेलं, कधी प्रमाणाबाहेर चढलेलं असं मन करून सोडणारा आजार. त्याची सुरुवात बऱ्याचदा उदासीनतेनेच होते, आणि पेशंट डॉक्टरकडे येतो तोही खचलेला असतानाच. चढलेल्या अवस्थेत कशाला येईल? तेव्हा त्याला कधी नव्हे इतकं छान वाटत असतं. घरच्यांनाही वाटतं, चला, पोरगं बोलायला-हिंडायला लागलं. त्यामुळे ती बाजू मुद्दाम विचारल्याशिवाय पुढे येतच नाही. ‘याआधी कधी सलग काही दिवस अंगात प्रचंड उत्साह, कमी झोप, अखंड बोलणं, वारेमाप खर्च, असं झालं होतं का?’ हे विचारायला कितीसा वेळ लागतो? आमच्याकडे दर वेळी ‘आता कसं वाटतंय?’ एवढंच, आणि जुनीच गोळी पुढे चालू. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.

झोपेचंही तसंच. भाऊ यंत्रमागावर रातपाळी करायचा, म्हणून ‘झोप कमी’ असं लिहून विषय मिटला. निद्रानाशात माणूस झोपेसाठी तळमळतो आणि सकाळी गळून जातो. मेनियात, म्हणजे त्या चढलेल्या अवस्थेत, तो दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, त्याला झोपेची गरजच वाटत नाही. डॉक्टरांना नुसतं ‘झोपत नाही’ सांगू नका, ‘झोपत नाही आणि तरी थकत नाही’ असं सांगा.

डिप्रेशन की बायपोलर हा फरक कळला नाही तर जीवावर बेतू शकतं. बायपोलर असताना मूड स्थिर ठेवणारं औषध न देता नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर काही जण थेट मेनियात जातात. गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत झोप उडाली, बोलण्याचा वेग वाढला, चिडचिड सुरू झाली तर ‘गुण आला’ समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मी एक कागद केला: तारीख, झोपेचे तास, दुसऱ्या दिवशी थकवा होता की नव्हता. तारखा कुणाच्याच लक्षात नसतात. आईला ‘गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी की नंतर?’, ‘आषाढीला कसा होता?’ असं विचारलं की बरोबर आठवतं. उरलेलं मोबाइलमध्ये सापडतं: पहाटे तीनला पाठवलेले मेसेज, एकाच आठवड्यात यूपीआयवरून गेलेले पैसे. रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी आत्महत्या केली होती का, हेही लिहा. आमच्या घरात हे बोलायलाच कुणी तयार नव्हतं, तरी लिहिलं.

दिवस मोजायचे ते यासाठी, की मेनिया म्हणायला ही अवस्था साधारण 7 दिवस टिकावी लागते (भरती करावं लागलं तर ही अट नाही), सौम्य हायपोमेनियाला 4 दिवस, उदासीनतेला 2 आठवडे. सकाळी चिडला, दुपारी हसला, एवढ्यावरून बायपोलर ठरत नाही.

रक्त तपासून किंवा स्कॅन काढून बायपोलर कळत नाही. थायरॉइडसारख्या चाचण्या करतात त्या दुसरं कारण नाही ना, हे पाहायला. स्टेरॉइडनेही असं होऊ शकतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या.

जुने कागद द्यायला दवाखान्याने टाळाटाळ केली, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पेशंटला आपल्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क आहे, हे सांगून लेखी अर्ज द्या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) सुरू झालं तर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात जपा. घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी वाढते, म्हणून निर्जळी उपास आणि अचानक मीठ तोडणं, दोन्ही टाळा. हात जास्त थरथरायला लागले, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच दाखवा. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं, सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. लॅबवाले हे विचारत नाहीत, आपणच सांगायचं.