शेवटचा फटका कुणाचा?

गेमिंग स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करताना बहुतेक भांडणं किरकोळ असतात. कंट्रोलर अडकला, नेट गेलं, कुणी उशिरा आलं. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मात्र एका तीन मिनिटांच्या सामन्यावरून असा वाद पेटला, की दोन्ही बाजू मला मनापासून पटत होत्या आणि निकाल तर एकच द्यायचा होता.

खेळ होता 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट', निन्टेन्डोचा, २०१८ चा. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेहमीच्या फायटिंग गेममध्ये मार खाल्ला की ताकद कमी होत जाते आणि संपली की हरलात. इथे उलटं आहे. प्रत्येकाचा आकडा शून्य टक्क्यांवर सुरू होतो आणि मार खाऊन वाढत जातो. आकडा जितका मोठा, तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. मैदानाच्या हद्दीबाहेर फेकले गेलात की केओ. म्हणजे शंभर-सव्वाशे टक्के चढवणं हे सगळं कष्टाचं काम, आणि मग एक नेमका फटका.

आता गुणांचं. आयोजकांनी प्राथमिक फेरी चौघांची ठेवली होती, टाइम मोडमध्ये. केओ केला की एक गुण, स्वतः पडलात, म्हणजे हद्दीबाहेर गेलात, की एक वजा. केओ कुणाच्या नावावर, तर ज्याचा फटका शेवटचा त्याच्या. आधी कुणी किती मारलं, ते हिशेबात धरत नाहीत. बत्तीस मुलं, चौघांची आठ टेबलं, प्रत्येक टेबलातला पहिलाच पुढे. हा प्रकार निवडण्यामागे आयोजकांचं गणित सरळ होतं: कन्सोल चारच, हॉल दुपारपर्यंतच, आणि टाइम मोडचा सामना घड्याळाच्या ठोक्याला संपतो. जिवांवर खेळायचं, म्हणजे प्रत्येकाला ठरावीक जीव आणि पडलं की एक जीव गेला असा स्टॉक मोड लावायचा, तर सामना कधी संपेल ते सांगता येत नाही.

पाचव्या टेबलावर एक मुलगी लिंक नावाचं पात्र घेऊन खेळत होती. पहिल्या सेकंदापासून ती भिडली. बाण, बॉम्ब, तलवार, सगळं चालू. फॉक्स हे पात्र घेतलेला एक मुलगा कडेकडेने फिरत होता. दोघं गुंतले की लांब थांबायचा, कुणाचा आकडा तांबडा झाला की झेप घेऊन एक लाथ मारायचा आणि परत मागे. त्या पडद्यावर गुण दिसत नव्हते. गुण दाखवायची सोय खेळात आहे, पण आम्ही ती मुद्दाम बंद ठेवतो, नाहीतर पुढे असलेल्यावर बाकीचे तिघं तुटून पडतात. त्यामुळे तीन मिनिटं संपेपर्यंत कुणालाच अंदाज नव्हता.

निकाल आला. फॉक्स : पाच केओ, एकदा पडला, अधिक चार. लिंक : तीन केओ, तीनदा पडली, शून्य. बाकी दोघं वजा एक आणि वजा तीन. बेरीज शून्य, म्हणजे आकड्यांत गडबड नाही. कुणी आपणहून खड्ड्यात उडी मारली नसेल, तर ही बेरीज शून्यच यावी लागते. तक्ता तपासताना मी आधी तेच बघते.

"आयत्या बिळावर नागोबा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल त्या मुलीच्या बाजूने झाला. ती स्वतः आरडाओरडा करत नव्हती. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ताई, तुम्ही रिप्ले बघा. एवढंच म्हणणं आहे माझं."

जेवणाच्या सुट्टीत मी रिप्ले लावला आणि कागद घेऊन बसले. प्रत्येक फटक्याला पडद्यावरचा आकडा कितीने वाढतो ते दिसतं, त्यामुळे कुणी कुणाला किती मारलं हे थांबवत थांबवत लिहून काढता येतं. वेळ लागतो, पण येतं. फॉक्सच्या पाच केओंपैकी चारांमध्ये सर्वांत जास्त मार त्या मुलीचा होता. एका केओमध्ये समोरच्याचे एकशे अठरा टक्के झाले होते, त्यातले एकशे दोन तिचे. फॉक्सची लाथ एकच, शेवटची.

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तरीही मी निकाल बदलला नाही.

नियम सकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. त्या मुलाने तो ऐकला, समजून घेतला आणि त्याप्रमाणे खेळला. खेळ झाल्यावर मी गुण मोजायची पद्धत बदलली असती, तर अन्याय त्याच्यावर झाला असता, आणि उरलेल्या सात टेबलांवर वेगळ्या हिशेबाने जिंकलेल्या आणि हरलेल्या प्रत्येकावरही. मी त्या मुलीला कागद दाखवला. म्हटलं, तुझा हिशेब बरोबर आहे, तो मी आयोजकांसमोर ठेवणार आहे, पण आजचा निकाल तोच राहील. तिला ते आवडलं नाही. आवडायलाच हवं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

थोड्या वेळाने तो मुलगा आला. हॉलभर टोमणे खाऊन चेहरा उतरला होता. "ताई, मी चीटिंग केली का?" मी स्पष्ट सांगितलं, नाही. चौघांच्या गर्दीत कुठला क्षण आपला आहे ते ओळखणं हेही कौशल्यच आहे, आणि पुढे बाद फेरीत, एकास एक, तीन जिवांच्या सामन्यात त्याने पहिली लढत स्वच्छ जिंकली. तिथे चोरायला तिसरं कुणी नसतं. समोरच्याचा प्रत्येक टक्का तुम्हीच चढवलेला असतो. ते बघून हॉलमधले टोमणे थांबले.

संध्याकाळी आयोजक मुलांबरोबर बसलो. एकाने सुचवलं, डॅमेजवर, म्हणजे कुणी किती टक्के चढवले त्यावर, गुण द्या. ऐकायला न्याय्य, पण मग लांबून बारीक बारीक फटके मारत राहणाऱ्याचं फावतं आणि केओ करायची कुणाला गरजच उरत नाही. दुसरा म्हणाला, चौघांचा स्टॉक मोड ठेवा, शेवटी उरेल तो जिंकला. मग तर कोपऱ्यात लपणाराच शहाणा. तिघं एकमेकांना संपवतात आणि हा ताजातवाना. चौघांच्या खेळात कुठलाही नियम लावा, कुणाच्या ना कुणाच्या कष्टावर दुसरा गुण मिळवतोच. मासाहिरो साकुराई यांनी हा खेळ मुळात मित्रांनी एकत्र बसून धमाल करावी म्हणून बनवला, आणि त्या धमालीत ही पळवापळवी गोडच वाटते. बक्षिसाची रक्कम आणि बाद होण्याची भीती मध्ये आली की तीच बोचते. मोठ्या स्पर्धांमध्ये एकास एकच का खेळतात, हे मला त्या कागदावरून जितकं स्पष्ट समजावता आलं, तितकं कुठल्या नियमपुस्तिकेवरून आलं नसतं.

अडचण वेळेची. चौघांच्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर एका सामन्याऐवजी सहा होतात. आठ गटांचे अठ्ठेचाळीस. एकास एकमध्येही पळपुटेपणा होतो: आघाडी घ्यायची आणि घड्याळ संपेपर्यंत पळायचं. म्हणून वेळ संपल्यावर आधी उरलेले जीव आणि ते समान असतील तर कमी टक्के, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. खेळातली सडन डेथ, ज्यात बरोबरीवाल्यांना थेट तीनशे टक्क्यांवर उभं करतात, ती मी लावू देत नाही. तिथे पहिला धक्का लागला की खेळ संपतो.

मुलांनी कॅलेंडर काढलं. प्राथमिक फेरी आदल्या दिवशी, प्रत्येकी दोन जीव, पाच मिनिटांची मर्यादा. ज्यांच्या घरी कन्सोल आहे त्यांनी आणायचे. गटात तिघं समान झाले आणि प्रत्येकाने दुसऱ्याला हरवलेलं असलं तर काय, यावर मात्र एकमत होईना. एकाला उरलेल्या जिवांचा फरक हवा होता. मी म्हटलं, त्याने कमजोर खेळाडूला चिरडणाऱ्याचा फायदा होतो. त्यापेक्षा तिघांना परत खेळवा. वेळ मी काढते.