इडा, पिडा आणि पन्नास टक्के

"ताई, लवकर या! ट्रम्प येऊन राहिला!" पॅकिंगचा पोऱ्या जिन्यातून ओरडला, तेव्हा मी दोनशे चौदा ओळींच्या एक्सेल शीटमध्ये ट्रम्पचंच काम करत बसले होते.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार. आदल्या दिवशी पोळा झालेला, म्हणून आज नागपुरात तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे इडापिडेचे मोठाले पुतळे मिरवायचे आणि शेवटी जाळायचे. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. सोबतचे पुरुषी पुतळे, म्हणजे बडग्ये, मात्र दर वर्षी नवे, ज्याच्यावर गाव चिडलेलं असेल त्याचे. त्या दिवशी इतवारीत कोणी शहाणा माणूस काम काढत नाही. आमच्याकडे जुलैअखेरपासून "बसू एक दिवस, करून टाकू" असं चाललं होतं, आणि तो एक दिवस नेमका हा निघाला. खिडकीतून पाहिलं तर खाली खरंच ट्रम्पतात्यांचा पुतळा डुलत चालला होता, टॅरिफची पाटी घेऊन. "इडा, पिडा घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्या. मी दोन मिनिटं पाहिलं आणि परत शीटकडे वळले. तात्या कितीही जळाले तरी बुधवारी अमेरिकेचं टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लागणारच होतं.

आमचं दुकान लहान. भंडारा जिल्ह्यातल्या विणकरांकडून टसर रेशमाचे स्टोल, करवत काठी साड्या, थोडं सुती कापड घ्यायचं आणि ऑनलाइन विकायचं. मालकीणबाई म्हणजे काकू. वेबसाइट, ऑर्डरी आणि पार्सलं माझ्याकडे. जवळपास निम्मी विक्री अमेरिकेत, गिऱ्हाईक बहुतेक आपलेच लोक. इतकी वर्षं काम सोपं होतं. २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल तिकडे बिनशुल्क उतरायचं. आमचं एकही पार्सल त्याच्या वर जात नसे, त्यामुळे कस्टम म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना, एवढाच आमचा संबंध. आता दोन गोष्टी एकदम येत होत्या. २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के, आणि २९ पासून ती ८०० डॉलरची सवलत बंद. दुसरी नसती तर पहिलीचं आम्हाला काही वाटलं नसतं.

दुपारी फोनवर बातमी आली. टपाल खातं सोमवारपासून, म्हणजे २५ तारखेपासून, अमेरिकेची पार्सलं घेणार नाही. फक्त पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालतील. तिकडे शुल्क कोणी गोळा करायचं, कसं भरायचं याचाच पत्ता नव्हता, आणि विमान कंपन्यांनी माल घ्यायला नकार दिला होता. आमची नऊ पार्सलं गुरुवारीच पोस्टात पडलेली. चौदा ऑर्डरी टेबलावर.

काकूंनी लगेच तोड काढली. "भेटवस्तू चालते म्हणून राहिले ना? मग सगळ्यांवर भेटवस्तू लिहून टाक."

"काकू, त्यांनी पैसे देऊन घेतलंय. आपल्या साइटवर बिल आहे."

"बिल कोण पाहते?"

मी नाही म्हणाले. तत्त्वाचं सोडा. पार्सल अडकलं तर ते सोडवायला गिऱ्हाइकाला धावावं लागतं, आपण इथे इतवारीत बसून काय करणार? काकू रागावून चहा करायला गेल्या. त्यांचा राग चहा उकळेपर्यंतच टिकतो.

खरं काम शीटमध्ये होतं. प्रत्येक वस्तूला दहा आकडी शुल्क-कोड हवा, आणि आमच्या आधीच्या माणसानं स्टोल, साडी, टेबलक्लॉथ सगळ्यांना एकच कोड चिकटवून ठेवला होता. आजवर कोणी विचारलंच नव्हतं. वर्णनही तसंच, "लेडीज फॅन्सी आयटम". सावजी मसाल्याची पाकिटं आम्ही हौसेनं ठेवली होती. त्यांचा कोड शून्यापासून सुरू होतो, आणि एक्सेल पुढचं शून्य गुपचूप गिळतं. दहाचे नऊ आकडे झालेले, अन् शीट दिसायला अगदी ठीक. ते शून्य मला दुपारी तीनला सापडलं. मसाला त्याच दिवशी अमेरिकेसाठी बंद केला, अन्नाची कागदपत्रं वेगळीच असतात.

स्टोलपाशी मात्र गाडी अडली. कापडाचा देश ठरवताना सूत कुठलं हे नाही, विणलं कुठे हे पाहतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला. पण रेशमी शालींमध्ये ७० टक्के किंवा जास्त रेशीम असेल तर एक कोड, कमी असेल तर दुसरा. आणि करवत काठीची गंमतच ही की अंग टसरचं आणि काठ सुती. करवतीच्या दातांसारखी ती नक्षी तीन धोटे चालवून विणतात, अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. आमच्या स्टोललाही तसाच काठ. मग रेशीम किती टक्के? मोहाडीकडच्या आमच्या विणकरदादांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, आम्ही वारात मोजतो, टक्क्यात नाही."

शेवटी डाग पडलेला एक स्टोल घेतला, कात्रीनं काठ उसवून वेगळा केला आणि खाली सराफाच्या दुकानात गेले. शटर अर्धं ओढलेलं, सगळे मारबत पाहायला बाहेर. म्हाताऱ्या शेठजींनी काचेच्या पेटीतला तराजू पुढे केला आणि अगदी गंभीरपणे पेटी लावून घेतली, जणू पाटल्याच आणल्यात. पूर्ण कापड ११२ ग्रॅम, दोन्ही काठ मिळून २९. म्हणजे रेशीम ८३, चौऱ्याहत्तर टक्के. जमलं. शेठजींनी विचारलं, "काय भाव लावू?" दोघेही हसलो. वर येताना हिशोब केला, दोन कोडांमधला फरक जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा. वरच्या पन्नासापुढे ती चिल्लर होती. पण चुकीचा आकडा लिहून पाठवायचा नव्हता.

मग माझीच एक चूक समोर आली, आणि ती कोडापेक्षा महाग होती. साइटवर आम्ही मोठ्या अक्षरात "मोफत घरपोच" लिहायचो. स्टोल ८५ डॉलर, त्यात २० डॉलर पाठवणीचे मिसळलेले. गिऱ्हाइकाला बरं वाटायचं. पण तिकडे शुल्क लागतं मालाच्या किमतीवर, पाठवणीचा खरा खर्च बिलात वेगळा दाखवला तर त्यावर नाही. म्हणजे या मोफतपणामुळे गिऱ्हाईक विमानभाड्यावरही पन्नास टक्के भरणार होतं! ८५ वर कोडाचं मूळ शुल्क आणि वरचे पन्नास टक्के मिळून साडेत्रेचाळीस डॉलर. तेच ६५ अधिक २० असं फोडलं तर तेहतीसच्या आसपास. दहा डॉलर एका ओळीनं वाचले. ही युक्ती मला जुलैमध्ये सुचायला हवी होती. दोनशे चौदा किमती मी रात्री आठपर्यंत फोडत बसले.

पोस्टाचा रस्ता उघडला तरी एक भीती होती. टपालाच्या पार्सलांसाठी सहा महिने ठोक शुल्काचीही सोय ठेवली होती, आणि आपल्यासारख्या पंचवीस टक्क्यांच्या वरच्या देशांना ते पार्सलमागे २०० डॉलर. ६५ डॉलरच्या स्टोलवर! त्यामुळे कुरिअर, शुल्क आपणच आधी घ्यायचं आणि चेकआउटला स्पष्ट लिहायचं. ती ओळ मी चार वेळा खोडली. शेवटी राहिलं ते असं: "या रकमेत अमेरिकेतलं आयात शुल्क धरलेलं आहे. दारात कोणी पैसे मागणार नाही." काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "एकशेवीसला कोण घेणार ग?" मी काही बोलले नाही.

चौदा जणांना मेल गेले. २९ च्या आत पोचू शकतील अशी पाच पार्सलं रविवारी कुरिअरनं रवाना केली, फरक आम्ही सोसला. चार जणांनी ऑर्डर रद्द केली, तिघांनी थांबतो म्हटलं. डॅलसच्या एका बाईंनी लिहिलं, "गिफ्ट लिहा ना, सगळे लिहितात." एकीनं नुसतं "चालेल" लिहून शुल्कासकट पैसे भरले. त्या एका "चालेल"वर काकूंनी बुधवारी बाप्पासाठी जादा मोदक केले.

गुरुवारच्या नऊ पार्सलांपैकी सहा सप्टेंबरात परत आली, माझ्याच अक्षरातले पत्ते घेऊन. पोस्टाची अमेरिकेची सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली, पण तोवर दिवाळी तोंडावर आली होती. परत आलेल्यातला एक स्टोल अमेरिकेतल्या एडिसनच्या गिऱ्हाइकाचा होता. त्याची आई इथेच मानेवाड्याला राहते. एक दिवस त्या स्वतःच जिना चढून आल्या. मुलगा डिसेंबरात येणार आहे, जाताना बॅगेत नेईल, त्याचे भरलेले पैसे त्याला परत करा, आम्ही इथे देतो म्हणाल्या. मी बिल करायला घेतलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं.

"डॉलरचा भाव नको लावू हो. मी नागपुरात उभी आहे."